खो मागायचा नसतो

मॅडम, शनिवारी सकाळी इथे सिंगापूरला, सेंगकांगमध्ये आमच्या ब्लॉकशेजारच्या कोर्टवर मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी होते. बाकावर बसलेल्या एका चिनी आजींनी इथल्या इंग्रजीत विचारलं, "यू कोच आह?" मी हो म्हटलं. तुम्ही ऐकलं असतंत तर पोट धरून हसला असतात. जिच्या पायाशी चेंडू आला की तुम्ही देवाचं नाव घ्यायचात, ती आता कोच. लेकीच्या फुटबॉल टीमला शिकवणारे गृहस्थ मायदेशी परतले, पालकांच्या ग्रुपवर विचारणा झाली आणि नवऱ्याने मोठ्या ऐटीत लिहून टाकलं की माझी बायको कॉलेजच्या टीममध्ये होती. होतेच की. बहुतेक वेळ रेषेबाहेर बसून होते, एवढं मात्र त्याने लिहिलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा आम्ही सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पुण्यातलं आपलं कॉलेज, मुलींची फुटबॉल टीम पहिल्यांदाच निघालेली, आधीचे सर हंगाम सुरू व्हायच्या आत सोडून गेलेले आणि त्यांच्या जागी कोण, तर खो-खोच्या मॅडम! पंजाबी ड्रेसखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात परकराच्या नाडीत ओवलेली शिट्टी. "आता चेंडूला खो देणार वाटतं," आमची कॅप्टन म्हणाली, तुम्हाला ऐकू जाईल अशा बेताने. तुम्ही शांतपणे तिच्याकडे वळलात. "मला ऑफसाइड कळत नाही, ते तू मला शिकव. तुला पळता येत नाही, ते मी तुला शिकवते." कॉलेजातली सगळ्यात वेगवान मुलगी ती. तिला असं बोलायची कुणाची छाती नव्हती. आठवडाभर तुम्ही आम्हाला मैदानात रोवलेल्या खांबांमधून नागमोडी पळवलंत, आणि पळता पळता अंग वळवणं काय असतं ते कळल्यावर तिचाच चेहरा बघण्यासारखा झाला. प्राचार्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं: या वर्षी एक तरी सामना जिंका, नाहीतर टीम बंद. आणि आम्ही हरत होतो. पण आता निदान पळून पळून हरत होतो.

सातजणींचा खेळ होता, बदली कितीही वेळा करता यायची, त्यामुळे भांडणंही तितकीच. आत असलेलीला बाहेर काढलं की ती रुसायची, बाहेरची बसून बसून कुढायची. तेव्हा तुम्ही तो नियम काढलात. कुणाला बाहेर काढायचं ते तुम्ही सांगणार नाही. दमलेलीने आपणहून रेषेपर्यंत यायचं, बसलेलीच्या पाठीवर थाप मारून खो म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. आम्ही बाहेरच्या मुली रेषेला लागून उकिडव्या बसायचो, उठायच्या तयारीत. समोरच्या टीमा खिदळायच्या. तुम्ही मात्र हात पाठीमागे बांधून उभ्या, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. मिलिटरीत होत्या की काय, असं आम्ही म्हणायचो. सगळ्या खो द्यायला शिकल्या, कॅप्टन सोडून. ती एकदाही बाहेर आली नाही. तिची जागा ती माझी, आणि मी तिच्यासाठी बसलेली. एकदा न राहवून मी म्हटलं, "मॅडम, बोलवा ना तिला, किती दमलीय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. "खो मागायचा नसतो गं. तो मिळतो."

शेवटचा सामना मला अजून दिसतो. बरोबरी आहे, एकही गोल नाही, थोडाच वेळ उरलाय. कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकून उभी, तिला श्वास पुरत नाही. सगळं कॉलेज ओरडतंय, मॅडम, बदला तिला! तुमचे हात पाठीमागेच. मला तुमचा राग येतो, आज सांगते, फार राग येतो. टीम बंद पडायला आलीय आणि ही बाई पुतळ्यासारखी उभी. आणि मग ती येते. सरळ माझ्याकडे येते. पाठीवर ओली थाप पडते, "खो," आवाज जवळजवळ रडका. मी उठते आणि पळत सुटते, चेंडू कुठे आहे हेही न बघता. मी काही पराक्रम गाजवला नाही. त्यांच्या दमलेल्या मुलींच्या मागे नुसती माशीसारखी लागले, त्या चिडल्या, आणखी दमल्या. मग रेषेवर पाहिलं तर कॅप्टन उकिडवी बसलेली, छातीचा भाता थांबलेला, डोळे चेंडूवर. आत राहावंसं मला किती वाटत होतं! तरी मी गेले, तिच्या पाठीवर थाप मारली, खो म्हटलं. ती उठली ती त्या मुलींच्या मधून खांबांसारखी वळणं घेत गेली आणि गोल झाला. सगळ्या तिच्या अंगावर पडल्या. तुम्ही माझ्यापाशी आलात आणि एवढंच म्हणालात, "वेळेवर दिलास." टीम राहिली. ती आजही आहे म्हणतात.

तुम्ही गेल्याचं मला इथे, आंग मो किओच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत फोनवर कळलं. मला यायला जमलं नाही.

तर शनिवारी. पोरींना मी तुमचाच नियम शिकवलाय. माझी लेक टीममधली सगळ्यात चांगली, आणि सगळ्यात हट्टी. रेषेवर एक चष्मेवाली लहानखुरी मुलगी उकिडवी बसलेली, सामना संपत आला तरी कुणी तिला खो देत नव्हतं. लेक दमून फरफटत होती. "कोच, चेंज लाह!" पालक ओरडत होते. चष्मेवालीची आई नुसती माझ्याकडे बघत होती, ते जास्त बोचत होतं. मी हात पाठीमागे घट्ट धरले. अखेर लेक आली, लालबुंद, माझ्याकडे न बघता, आणि त्या मुलीच्या पाठीवर अशी थाप मारली की बिचारी पुढेच पडली. "खो, लाह! गो, गो!" ती गेली. आम्ही हरलो. घरी जाताना लेक म्हणाली, "मम्मी, शी रन सो फास्ट, यू नो?" मी म्हटलं, बसून बसून साठवलेलं असतं ते.

रात्री भांडी घासताना तळहात झोंबला. पाहिलं तर माझ्याच नखांच्या चार खुणा. तेव्हा कुठे मला तुमचे पाठीमागचे हात आठवले. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, नाहीतर एवढंच लिहिलं असतं: मॅडम, लेक आणखी क्षणभर थांबली असती, तर मी हाक मारली असती. तोंड उघडलंच होतं.