पहिला नंबर ताईचा

चिरंजीवास,

काल आश्रमातून फोन गेल्यावर धावत तुझी ताईच आली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. मागून तिच्या दोघी पोरी. ती रडायला लागली आणि मी आपली हसत सुटले, तोंडात दात नाहीत तरी!

'आईला तुझं तोंड बघायचं नाही,' असं तू तिला खोटंच सांगितलं होतंस ना? अरे, या वृद्धाश्रमात कॉम्प्युटरमध्ये प्रत्येकीच्या नावापुढे घरच्यांचे नंबर असतात. काही झालं की पहिल्या नंबराला फोन. माझ्यापुढे तुझा एकट्याचा. घराच्या कागदांवर सहीसाठी माझा हात पिरगाळायचास तू, आणि 'आजींना लागलंय' ही खबरही तुलाच! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

मग माझा सुजलेला हात बघून ऑफिसातल्या बाईने विचारलं, "आजी, नंबर हाच ठेवू?" म्हटलं, "पूस बाई तो." ताईचा मला तोंडपाठ होता, तो घातला.

काल तू आलास. बाई म्हणाली, "तुमचं नाव यादीत नाही, आत सोडता येणार नाही." तू केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलंस. रक्त बघितलं आणि माझी काठी तुझ्या मनगटावर बसली, चांगली तीनदा. हाड मोडल्याचा आवाज मला बहिरीलाही ऐकू आला. पोलिसांनी तुला नेलं आणि बाईने कपाळ दाबून धरत ताईला फोन लावला.

हे पत्र टाकणार नाही. वाचून पुन्हा चवताळशील, आणि बाईचे चार टाके अजून ओले आहेत.

ताई आणि पोरी गुरुवारी परत येतो म्हणाल्यात.

तुझीही आईच