बाबा, मी सात तासांवर आहे

ती. बाबा,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. दवाखान्याच्या धुलाईघरात आता मला इस्त्रीचं काम मिळालंय, त्यामुळे हात फुटत नाहीत.

तुम्ही जिन्यात पडलात, हे दादाने प्लास्टर निघाल्यावर सांगितलं. "इतक्या लांबून ती काय करणार," असं तुम्हीच म्हणालात म्हणे! मी रडतच मुकादमबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "असं काही झालं की सरळ विमानतळ गाठायचा. रजेचं मी बघते."

बाबा, अंतर पाच हजार किलोमीटर असलं तरी विमान सात तासांत येतं. मामाच्या गावाला बसने जायला याहून जास्त वेळ लागायचा! तेव्हा यापुढे साधी शिंक आली तरी कळवा. आता कठडा धरता ना? आई अजून रागावते का?

पुढच्या महिन्याचं तिकीट काढलंय. मी आले की काठी लपवू नका. आपण दोघं सावकाश नाक्यापर्यंत चालत जाऊ.

तुमची लाडकी,
धाकटी