आबासाहेबांच्या पाठीत तीन लाथा

वाघजाई बोळ, कोल्हापूर
रविवार, दुपार

अन् वरून तुमीच म्हणता, 'मी काय वाईट सांगितलं?' दाजी, तुमी वाईट न्हाई सांगितलं, लय चांगलं सांगितलं, तिथंच माझं वाटोळं झालं. तीन वरसं मी या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळलो, बावीस गोल मारले, पण मी पायाळू हाय हे कुणाच्या कानावर जाऊ दिलं न्हाई. तालमीचे अध्यक्ष आबासाहेब यांनी तुमाला फोन केला तो एवढंच इचारायला, की पोराचा गुडघा खरंच बरा हाय का घरी बी थापा मारायलाय. तुमी 'बरा हाय' म्हणून फोन ठेवायचा. तर तुमी सांगत बसले की आमचा नागेश साधासुधा न्हाई, पायाकडून जन्मलेला हाय, त्याची लाथ बसली की उसण भरलेली पाठ जाग्यावर मोकळी होती. अन् सांगितलं कुणाला? ज्या माणसाची पाठ त्याच सकाळी गॅसची टाकी उचलताना भरली व्हती त्याला!

असो. भांडण नंतर, आधी जय भीम. तुमी सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. आईची बीपीची गोळी चालू हाय का बंद केली? तुमचं हाटेल कसं चाललंय? अन् ताईची तब्येत? तिचे पायबीय दुखायले न्हाईत ना? (उगंच इचारलं.) फोन सोडून पत्र कामून लिहायलाय म्हणाल, तर फोन केला की तुमी स्पीकर लावून गल्ल्यावर ठेवता अन् वालूरच्या स्टँडवर चहा प्यायला आलेली सगळी मंडळी माझ्या गुडघ्यावर मत देती. मागल्या टायमाला तर कुणीतरी 'बिब्बा घाला' म्हणून वरडलं. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवलं ते तुमच्या हाटेलीनं, तवा चुका बी तुमीच सांभाळून घ्या.

तुमी आमच्या घरात लग्नानंतर आले, म्हणून लाथेची गोष्ट तुमाला ऐकीव. आमचा बा विहारात उभा राहून अंधश्रद्धेवर बोलायचा अन् त्याच टायमाला मागल्या दारी आईनं माझं दुकान मांडलेलं असायचं. (आई म्हणायची, यात देव न्हाई, अंगारा न्हाई, नुस्ती लाथ हाय, लाथेत कसली आली अंधश्रद्धा?) अमावस्येला सकाळी रांग लागायची. पाठवाल्यानं आमच्या भिंतीला हात टेकून वाकायचं, मी डाव्या पायानं तीन लाथा मारायच्या, अन् त्यानं मागं न बघता निघून जायचं. एका पाठीला एक नारळ, न्हाई तर दोन अंडे. सहा वर्षांचा व्हतो मी. दाजी, जे लोक सालभर आमच्या घरचं पाणी पीत नव्हते ते बी वाकून उभे राहायचे अन् म्हणायचे, जराक जोरात मार बाळा. मी मारायचो. इथले लोक इचारतात, एवढा कडक शॉट कुठं शिकलास? काय सांगू त्यांना, कोणाकोणाच्या पाठीवर शिकलो!

आता गुडघ्याचं. मागल्या मार्चात सेमी-फायनलला हेडर मारून खाली आलो अन् उजव्या गुडघ्यात हरभऱ्याचा वाळला घाटा फुटावा तसा आवाज झाला. लिगामेंट तुटलं. तालमीनं बोळात वर्गणी काढून ऑपरेशन केलं, ते मी विसरणार न्हाई. पण आठ महिने झाले. आधी लोक इचारायचे 'कवा खेळणार', मग इचारायले 'खेळणार का', आता इचारतच न्हाईत. माझा नऊ नंबरचा शर्ट मिझोरमहून आणलेल्या नव्या स्ट्रायकरला दिलाय. (माणूस गुणाचा हाय. माझ्याच खोलीत राहतो, माझाच शर्ट घालून माझ्यासाठी भात लावतो. धड राग बी करता येत न्हाई.) बाहेरगावच्या खेळाडूची एकच जागा उरलीय, आमी दोघं हावोत, अन् पंधरा तारखेला नावं द्यायची हायत. फॉर्मवर आबासाहेबांची सही झाली तर मी यंदा खेळणार. न्हाई झाली तर खोली खाली करायची, अन् त्यांच्या फाउंड्रीत गेटवर गाड्यांचे नंबर लिहायचं काम हाय ते बी गेलं, कारण ते काम खेळाडूलाच असतं.

व्यायाम घेणाऱ्या प्रियांका मॅडम पायाला रबर बांधून मला खेकड्यासारखं आडवं चालवतात. त्यांचं म्हणणं, गुडघा दोन महिन्यांमागंच बरा झालाय, भीती तेवढी शिल्लक हाय. खरं हाय ते. उजव्या पायावर सगळा भार टाकून डाव्यानं बॉल मारायला मी आठ महिन्यांत एकदा बी धजलो न्हाई.

अन् मग तुमचा फोन झाला. तासाभरात आबासाहेब ग्राउंडावर हजर. उसाची ट्रॉली कलावी तसे डावीकडं कलले व्हते. मागं त्यांच्या मालकीण तानुबाई काकी, त्यांच्या मागं अर्धा बोळ. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी गोलपोस्ट धरला अन् वाकले. महारुद्र कोच शिट्टी तोंडात धरून बाजूला उभे, जशी काय पेनल्टीच हाय. मी पहिली लाथ मारली ती भीत भीत. आबासाहेब वाकल्या वाकल्या वरडले, "धूळ झाडतोस व्हय रं मर्दा? मार की!" दुसरी जराक बरी बसली. कट्ट आवाज आला अन् ते 'आहाहा' म्हणाले. दाजी, तिथंच थांबायचं व्हतं. पण तीन म्हंजे तीन. अन् तेवढ्यात कोचनी सवयीनं शिट्टी फुकली. शिट्टी ऐकली की माझं डोकं बंद पडतं. उजवा पाय रोवला, मान खाली घातली अन् हाणली.

आबासाहेब गोलात गेले. पोस्ट सुटला, जाळीत गुतले. मिझोरमवाल्याला मराठी येत न्हाई, त्याला वाटलं नवीन ट्रेनिंग हाय, तो 'गोल' म्हणून टाळ्या वाजवायला लागला. माझा गुडघा गेल्यावर तालमीनं आणून ठेवलेलं स्ट्रेचर पहिल्यांदा कामाला आलं. आधी डावीकडं कलले व्हते, आता उजवीकडं कललेत, एवढा फरक मातर पडला.

या सगळ्या गोंधळात प्रियांका मॅडम एकट्या माझ्या गुडघ्याकडं बघत व्हत्या. सगळा भार घेतला, इकडचा तिकडं हलला न्हाई, म्हणाल्या, अन् तिथंच गाडीच्या डिकीवर कागद ठेवून 'खेळण्यास योग्य' असं लिहून दिलं. म्हंजे बघा माझं नशीब. ज्या लाथेनं मी लायक ठरलो, त्याच लाथेनं सही करणारा माणूस आडवा केला.

आता बोळात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणती लाथ जास्त झाली. दुसरी म्हणती हे पोरगं पायाळूच न्हाई, खोटं सांगून अध्यक्षाला लाथ घातली. काकी दुसऱ्या पार्टीत हायत. आबासाहेबांनी निरोप धाडलाय: पंधरा तारखेच्या आत पाठ सरळ झाली तर सही तुझ्या फॉर्मवर, न्हाई तर मिझोरमवाल्याच्या. अन् तुमी पायाळूवर वीज पडती हे बी सांगून ठेवलं! परवा आभाळ आलं तर चहाच्या गाड्यावर माझ्या बाकड्यावरून सगळे उठून गेले. कोच म्हणाले, अवकाळी पावसात मॅच आली तर याला उतरवावं, डिफेंडर जवळ यायचा न्हाई. आठ महिन्यांत त्यांनी टीमसंगं माझं नाव घेतलं ते तेवढंच.

पण तुमी घोर लावून घेऊ नका. मी पक्का पायाळू हाय, अख्खं वालूर साक्षीला हाय. गुण यायला जराक टाइम लागतो. कोच माझ्याच बाजूनं हायत. आईला सांगा, मजेत हाय.

तुमचा मेव्हणा,
नागेश

ता. क. – कोच माझ्या बाजूनं हायत म्हणजे, ग्राउंडावर चुन्याच्या रेघा मारायला माणूस लागतो, ते काम करशील का म्हणून इचारलंय.

आणखी ता. क. – हे वाचायच्या आधी हाटेलातून बाहेर जा. गेले का? आता ऐका. पायाकडून जन्मलेलो मी न्हाई. ताई. मी डोक्याकडूनच आलो, सगळ्या जगासारखा. बा म्हणाला, पोरीनं गावच्या गड्यांना लाथा मारायच्या न्हाईत. आई म्हणाली, मग अंडे बंद. त्या भांडणात मधला रस्ता निघाला तो मी. ताई दाराआडून बघायची अन् माझी लाथ चुकली की कपाळावर हात मारून घ्यायची. मग एवढ्या पाठी बऱ्या कशा झाल्या, हे मला इचारू नका. भीतीनं मी बी कवा कुणाला इचारलं न्हाई.

तर ताईला आठ दिवस इकडं धाडा. आमचं अख्खं घराणंच पायाळू हाय असं मी काकींना सांगून ठेवलंय, अन् बाईमाणसाची लाथ हलकी असती म्हणून त्या बी राजी झाल्यात. तुमी हाटेलातलंच खा. रोज लोकांना खाऊ घालता, एकदा स्वतः खाऊन बघा. सही झाली तर वीस तारखेची पहिली मॅच दाखवूनच तिला वापस धाडीन. तिनं मला लाथा मारतानाच बघितलंय, खेळताना कवा बघितलं न्हाई.

परभणीहून कोल्हापूरच्या गाडीत खिडकीपाशी बसवून द्या. बायांना अर्धं तिकीट हाय, ते एकाच बाजूचं पाठवायलो. पाठ मोकळी झाली तर आबासाहेब आपल्या गाडीनं सोडतील, अन् न्हाई झाली तर तिच्यासंगं मी बी कायमचाच येईन, मग ते भाडं तुमीच भरा. फोनपे बघा: चारशे दहा रुपये.