शेवटचं कडवं

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र पाठवणार नाही, वाचून हसशील. परदेशात नोकरीवर रुजू होऊन आठवडा झाला नाही, तोच म्हाताऱ्या घरमालकाला ‘आजोबा’ म्हणू लागलीस! रोज कामावर सोडतो म्हणे. मी कडेवर घेऊन तुला शाळेत पोचवलं, ते गेलं पाण्यात? त्याच वाटेवर तुझी पहिली कविता पाठ झाली. शेवटचं कडवं आपण एका सुरात म्हणायचो.

काल व्हिडिओ कॉलवर त्याने तीच कविता बोबड्या मराठीत म्हटली. माझा जळफळाट झाला. पण शेवटच्या कडव्याआधीच तो थांबला.

“संपली!” तू म्हणालीस, आणि हळूच मला डोळा मारलास.

लबाड कुठली!

तुझा खराखुरा,
आजोबा