सासऱ्याचं नाव

प्रिय केरुबो,

तुझा निकाल वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा डोक्यात तिडीक गेली. भाषा निर्दोष आहे, अभिनंदन. दहा वर्षांपूर्वी तू निर्वासितांच्या या कचेरीत नवी अधिकारी म्हणून आलीस, तेव्हा मी जुन्या दुभाष्याच्या तोऱ्यात तुला विचारलं होतं, की ‘साधार भीती’तली भीती पोटात असते, मग आधार कुठे शोधायचा? "फायलीत, म्झे!" तू म्हणालीस. तुझ्या त्या स्वाहिली ‘म्झे’त वडीलधाऱ्याचा आदर किती आणि थेरडा म्हणणं किती, हे मी अजून ठरवलेलं नाही.

निर्वासित कोण? वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट, राजकीय मत, यांपैकी एका कारणावरून छळ होण्याची साधार भीती, माणूस देशाबाहेर, मायदेश रक्षण करत नाही. आफ्रिकेने त्यात युद्ध आणि अराजकाचीही भर घातली, म्हणून आमची व्याख्या उदार, असं आपण पाहुण्यांना मान ताठ करून सांगतो. व्याख्येचे तीन दोष तर्कशास्त्राने सांगितलेत: ती अपुरी पडते, फार पसरते किंवा लागूच होत नाही. चौथा तू दाखवलास: व्याख्या धडधाकट, पण ती लावणारा बहिरा.

अयांतू इथिओपियातून आली, माझ्याच ओरोमो भाषेची. गावच्या बैठकीत तिचा सासरा सरकारविरुद्ध बोलला. शिपायांनी घर जाळलं, त्याला आणि नवऱ्याला नेलं. तू विचारलंस, "सासऱ्याचं नाव?" ती मांडीकडे बघत म्हणाली, "ते घरातले मोठे." "नाव विचारतेय मी." "माझ्या नवऱ्याचे वडील." तिसऱ्यांदा तुझा आवाज चढला: "अहो बाई, ज्याच्यापायी घर जळलं त्याचं नाव माहीत नाही?" ती शालीचा दोरा उसवत बसली. तू लिहिलंस: अर्जदाराला सासऱ्याचं नावही सांगता आलं नाही, कथन अविश्वसनीय, भीती निराधार.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, केरुबो. मेली तरी नाही. माझं हलाके हे नाव आजोबांचं, म्हणून आईने मला मरेपर्यंत ‘पावण्या’ अशीच हाक मारली. हे मी तुला चहाबरोबर तळलेल्या मांदाझी खाताना सांगितलं होतं. तू हसून हसून चहा सांडलास आणि महिनाभर मला पावणा म्हणत होतीस. आठवलं? आणि फायलीचं पहिलं पान? नोंदणीच्या वेळी अयांतूच्या भावाने तिच्या मुलीचं नाव सांगितलंय: सिंबो बुलचा तोलासा. मुलीचं, बापाचं, आजोबांचं. तोलासा! तुझ्या कोपराखाली पडला होता तो म्हातारा.

आता माझं. ते पान मलाही दिसत होतं. आदल्या आठवड्यात मी मध्ये बोललो, तेव्हा तू चारचौघांत म्हणालीस, "म्झे, तुम्ही दुभाषी. वकिली फाटकाबाहेर चालते." सगळे हसले. म्हणून त्या दिवशी मी फक्त बोललेलं तेवढंच सांगितलं, अगदी नियमाबरहुकूम. रुसलेल्या माणसाला नियमासारखी लपायला जागा नाही. काल अयांतूने फाटकाशी विचारलं, "दादा, माझं काय चुकलं हो?" मी गप्प राहिलो. कुठली रूढी आड येत होती मला?

अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. त्यानंतर तिला आणि सिंबोला सीमेपलीकडे पाठवतील. आज मी तिच्या वकिलाकडे शपथेवर लिहून दिलं: बाईला नाव ठाऊक होतं, ती गप्प का, हे अधिकाऱ्याने विचारलं नाही, दुभाष्याला ते माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. माझी नोकरी जाईल, तुझी चौकशी होईल. हे तुला परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. शुक्रवारच्या आत तूही आपल्या हाताने दोन ओळी लिहिल्यास तर त्या माझ्या चार पानांपेक्षा जड ठरतील.

तुझ्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर चिडलेला, पण तुझाच,
पावणा