टिटव्यांच्या घिरट्या

वैदोतास, धाकट्या,

ज्यांचा सिगारेटचा चोरटा माल तू पोलिसांना दाखवलास, ते दोघे परवापासून माझ्याच घरी पाहुणे आहेत. नव्या दुर्बिणी, गोड बोलणं. मीही हौसेने पक्षी शिकवायला बसलो. रात्री भिंतीआडून तुझं नाव ऐकलं, तेव्हा ते कोण हे कळलं.

आज पक्षी बघायच्या मनोऱ्यावर त्यांच्यातल्या टकल्याने तळ्याच्या पलीकडच्या तीराकडे बोट दाखवलं. "मास्तर, तिथल्या लव्हाळ्यात टिटव्या का बोंबलतायत?"

"घार आली असेल. बोंबलायला त्यांना माझ्या बायकोसारखंच कारण लागत नाही."

"घार असती तर तिच्या मागे ओरडत लांब गेल्या असत्या. माणूस असला की एकाच जागी घिरट्या घालतात. कालच शिकवलंत की."

मी हसलो. त्याने होडी मागितली. वल्हं मोडलंय म्हणालो, तर त्याचा जोडीदार दुसरी होडी आणायला गेला. संध्याकाळपर्यंत येईल.

तुझा फोन बंद. पोलिसांना सांगू कसं? तुझं नाव फुटलं तेच तिथून.

शेवटी त्या लव्हाळ्यातल्या लपणीतून तुला उठवायला मी तळ्याला वळसा घालून पायीच निघालो. बांधापर्यंत आलो तर टिटव्या उठून माझ्याच डोक्यावर फिरू लागल्या. पुढे गेलो तर त्या तुझ्यापर्यंतची वाट दाखवतील, म्हणून मी जागीच थांबलो. ही चिठ्ठी घेऊन दुसरा कोणी तुझ्याकडे आला, तरी त्याच्याही डोक्यावर त्या अशाच येतील.

मागून मनोऱ्यावरून टकल्याने प्रेमाने हाक मारली, "थांबलात का, मास्तर? जा की पुढे."

तुझा दादा,
झेनोनस