पथारीचा नियम

॥ श्री ॥

बदलापूर,
ता. १२ जून १९५४

चि. पद्मजा हिस विष्णुकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आरंभी एक गंभीर तक्रार नोंदवतो. ती तुमची निळी हवाई पत्रे जिथे चिकटवायची असतात नेमके तिथेच तू मजकूर लिहितेस. काल मी सुरीने पत्र उघडले आणि एक अख्खी ओळ धारातीर्थी पडली. त्यामुळे तू ‘ऑगस्टच्या सुटीत एकटीच पायी’ इथवर येतेस आणि एकदम ‘तेव्हा काळजी नसावी’ असे म्हणतेस. काळजी का नसावी याचे कारण मधल्या ओळीत असणार. वहिनींनी, म्हणजे तुझ्या मातोश्रींनी, दोन्ही चिंधोट्या दिव्यापुढे धरून जुळवून पाहिल्या आणि निकाल दिला की कारण मुळातच नसेल, पोरगी वडिलांवर गेली आहे.

तुझ्या आईचे म्हणणे असे, की लंडनचे शिक्षकी शिक्षण जुलैत संपते, तर सुटी तिथल्याच ओळखीच्या कुटुंबात काढून बोट धरावी. इंग्लंडच्या उत्तरेस डोंगरात पायी हिंडायचे आणि रोज नव्या होस्टेलात पडायचे, हे तिला पटेना. मी पूर्वपक्ष मांडला की तुझा काका सतराव्या वर्षी वाईच्या पाठशाळेतून नाशिकला चालत गेला होता. त्यावर ती म्हणाली की भावोजी, तुम्हांला कुणी पळवले नसते. वाद तिथेच संपला. शेवटी तिने अट घातली: रोज रात्री डोक्यावर धड छप्पर हवे, आणि त्याचा पुरावा हवा. जामीन मी राहिलो आहे, हे ध्यानात असू दे.

होस्टेलात झोपायला लागते ती तुझी चादरीची पिशवी शिवून बोटीच्या टपालाने पाठवली आहे. कापड मांजरपाट. शाळा सुटल्यावर अंबरनाथहून चालत उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात गेलो, तिथे टहिलराम म्हणून एक सिंधी शिंपी आहे. झोपण्यासाठी पिशवी, हे त्याला दोनदा सांगावे लागले. मग त्याने माप मागितले. माप लंडनला आहे म्हटल्यावर त्याने क्षणभर विचार केला आणि मलाच फळीवर आडवे व्हायला सांगितले, कारण तू माझ्याहून चारच बोटे कमी. भर बाजारात संस्कृतचे मास्तर डोळे मिटून पडले आहेत आणि शिंपी टेप लावतो आहे, हे दृश्य माझ्या दहावीच्या तीन मुलींनी पाहिले. पिशवीला मानेपाशी आतून एक चोरखिसा आहे. तो मी सांगितला नव्हता. टहिलराम म्हणाला की कराची सोडताना त्याचे कागद असेच मानेखाली होते. चार वर्षे बराकीत एका पडद्याआड सहा माणसे राहिली, तेव्हा त्याला कळले की पांघरूण आपले असले की जागा आपोआप आपली होते.

आता मुक्कामशास्त्र. मी काशीपासून गोकर्णापर्यंत धर्मशाळांत झोपलेला माणूस आहे, तेव्हा निमूट ऐक. गावात शिरल्यावर आधी पाणी मागावे, जागा नंतर. पाणी देणाराच जागेचे खरे सांगतो. जिथे झाडणारा माणूस गुणगुणत असेल ती जागा चांगली. तीन रात्रींवर राहू नये. आणि सर्वांत मोठा नियम पथारीचा: आधी पथारी टाकावी, मग नाव सांगायला जावे. टाकलेली पथारी कोणी उचलत नाही. या एका नियमाने मला गंगेच्या घाटावर राजेलोकांच्या शेजारी झोपवले आहे.

बोटीची तारीख ठरली की कळव. आमच्या हेडमास्तरांनी भूगोलाची जागा तुझ्यासाठी दिवाळीपर्यंत धरून ठेवली आहे, त्यापुढे ते ऐकणार नाहीत. चामटोलीची ठमाबाई दूध घालायला येते ती रोज विचारते, पोर कंदी येतंय. वहिनींचे आशीर्वाद. आमच्यावरची माया समुद्राने पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
विष्णुकाका

•

कम्बरलंड,
ता. ८ ऑगस्ट १९५४

ती. विष्णुकाकांस पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मधोमध लिहिते आहे, कडा मोकळ्या आहेत. सुरी निर्धास्त चालवावी.

आईला आधी पुरावा. इथे प्रत्येकाला एक कार्ड असतं आणि दर मुक्कामी होस्टेलची वॉर्डनबाई त्यावर शिक्का मारते. मागच्या पानावर सातही शिक्के मी पेन्सिलीनं उतरवून काढले आहेत. एकावर मेंढी आहे, ती डुकरासारखी दिसत असली तर दोष माझा.

काका, तुमच्या धर्मशाळेत आणि ह्या होस्टेलात फरक फारच थोडा. तीन रात्रींवर इथेही ठेवून घेत नाहीत. सकाळी निघण्याआधी प्रत्येकाला काम असतं. मी आतापर्यंत बटाटे सोलले, जिना झाडला आणि एकदा कोंबड्या कोंडल्या. झाडताना मी मुद्दाम गुणगुणते, म्हणजे पुढच्या माणसाला जागा चांगली वाटावी. पैसे इतके थोडे लागतात की लंडनला राहिले असते तर जास्त गेले असते. टहिलरामांची पिशवी सगळ्यांत भारी ठरली आहे, कारण दुसऱ्यांच्या पिशव्यांना चोरखिसा नाही. पासपोर्ट आणि कार्ड मानेखाली असतं आणि मी राजासारखी झोपते.

पाण्याचा नियम जरा वेगळा लागला. होस्टेल पाचाशिवाय उघडत नाही आणि मी तीनलाच भिजून पोचले. समोरच्या शेतावर जाऊन पाणी मागितलं. शेतकरीण गोंधळली, इथे कुणी पाणी मागत नाही. तिनं मला चुलीपाशी बसवून चहा दिला आणि खिडकीजवळचा पलंग घे, दाराजवळ वारा येतो, एवढं खरं सांगितलं.

आता तुमच्या मोठ्या नियमाची गोष्ट. पाचला दार उघडलं. सगळी मंडळी नाव लिहायला रांगेत उभी राहिली. मी मात्र नियमाप्रमाणे आधी वर गेले, खिडकीजवळच्या पलंगावर पथारी टाकली आणि मग खाली येऊन रांगेत उभी राहिले. वर परत जाते तो एक पन्नाशीच्या बाई पलंगासमोर बूट सोडत बसलेल्या. तो पलंग कालपासून त्यांचा होता. त्यांचं घोंगडं घडी करून खाली ठेवलेलं मला दिसलंच नव्हतं. इंग्लंडात रांग मोडणं म्हणजे आपल्याकडे चपला घालून देवघरात जाणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी आधी शिवण कुणाची ते विचारलं. मग मी बराक, टहिलराम, काशीचा घाट आणि तुम्ही, असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, खाली गेल्या आणि वॉर्डनबाईंना सांगितलं की हिंदुस्थानी धर्मशाळेच्या कायद्याप्रमाणे आपण पलंग हरलो आहोत. मग शिडी चढून वरच्या पलंगावर जाऊन झोपल्या. त्यांचं नाव मिस हॅलम. यॉर्कशायरमध्ये एका मुलींच्या शाळेच्या हेडमिस्ट्रेस आहेत. उद्यापासून आमची वाट एकच आहे.

आईला सांगा, पाय दुखत नाहीत. तुमच्या तक्रारी मिळाव्यात, एवढंच मागणं.

आपली,
पद्मजा

•

॥ श्री ॥

बदलापूर,
ता. १७ ऑगस्ट १९५४

चि. पद्मजा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र घरात तीनदा आणि घराबाहेर एकदा वाचले गेले. बाहेरचे वाचन कॅम्पातल्या टहिलरामच्या फळीवर झाले. बराकीची हकीगत विलायतेत पोचली हे ऐकून तो बराच वेळ सुईत दोरा ओवत बसला, आणि दोरा आधीच ओवलेला होता. मग म्हणाला, मास्तरसाब, त्या बाईसाठी पण एक शिवून देतो, मापासाठी झोपा. मी नकार दिला. विद्यार्थिनींच्या मनातून उतरण्याला मर्यादा आहे.

शिक्क्यांचा कागद वहिनींनी तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. मेंढीला ती डुक्करच म्हणते. मिस हॅलम शिडीवरून घसरल्या तर नाहीत ना, असे तिने तुला विचारायला सांगितले आहे. ज्या बाईने हरलेला पलंग हसत सोडला तिच्याबरोबर मुलीने हिंडायला हरकत नाही, असाही तिचा निवाडा आहे. मला एवढे मोठे प्रमाणपत्र चाळीस वर्षांत मिळालेले नाही.

खरे सांगतो पोरी, मी धर्मशाळांत झोपलो ते आपल्या माणसांत झोपलो. भाषा आपली, देव आपले, भाकरी ओळखीची. तू मात्र परक्या डोंगरात माझे जुनेपुराणे नियम घेऊन गेलीस आणि ते चालवून दाखवलेस. पाणी मागून चहा मिळवलास. मला हे जमले नसते. मी लाजून बाहेर भिजत बसलो असतो. शाळेत आता माझी ओळख ‘पद्मजाचे काका’ अशी होते, आणि मी ती दुरुस्त करत नाही.

बोटीचे लिहायला राहिले वाटते. की ते चिकटवण्याच्या जागी होते? लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढवत न्यावा.

तुझा,
विष्णुकाका

•

यॉर्कशायर,
ता. ३० ऑगस्ट १९५४

ती. विष्णुकाकांस शि. सा. न. वि. वि.

नवे अठरा शिक्के सोबत काढले आहेत. आई मोजेल तेव्हा चार रात्री कमी भरतील. त्या चार रात्री मी मिस हॅलम यांच्या घरी आहे, म्हणून शिक्का नाही. छप्पर कौलारू आणि धड आहे. बाई घसरल्या नाहीत. आईनं विचारलं हे ऐकून त्यांनी आईला त्यांच्या बागेतल्या फुलांच्या बिया पाठवायला दिल्या आहेत.

काल त्यांनी मला त्यांची शाळा दाखवली. सुटी असली तरी घरी न गेलेल्या काही मुली तिथे होत्या. सातवीच्या वर्गात नकाशा टांगलेला होता, त्यावर मुंबई होती, बदलापूर नव्हतं. मी खडूनं फळ्यावर उल्हास नदी काढली, वळणावर आपलं गाव काढलं, अंबरनाथचं देऊळ काढलं, आणि कॅम्पातल्या बराका काढताना एका मुलीनं विचारलं की आपलं घर सोडून आलेली माणसं तिथे अजून राहतात का. मी तासभर बोलत होते. चहाची घंटा झालेली कळली नाही.

त्यांच्याकडे वर्षभरासाठी भूगोल शिकवायला कुणी हवं आहे. शाळेच्या वर एक लहानशी खोली आहे, तिची खिडकी टेकडीकडे उघडते. मिस हॅलम गमतीनं म्हणाल्या की कायद्याप्रमाणे आधी पथारी टाकून बघ.

इथे ब्लॅकबेरी पिकल्या आहेत, आपल्या करवंदांची सर नाही. ठमाबाईच्या गाभण म्हशीला काय झालं ते लिहा. कडांवर काही लिहिलेलं नाही. माझी आठवण असू द्यावी, आणि आईचा राग असला तर तो तुमच्यावर घ्यावा, नेहमीसारखा.

आपली,
पद्मजा

•

॥ श्री ॥

बदलापूर,
ता. ८ सप्टेंबर १९५४

चि. पद्मजा हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

म्हशीला रेडी झाली. बिया पोचल्या, वहिनींनी त्या तुळशीच्या शेजारी पेरल्या आहेत. यॉर्कशायरच्या फुलांना बदलापूरचे पाणी मानवते का, ते कळेलच. फळ्यावर आपली नदी काढलीस, हे वाचून मी शाळेत जाऊन आमच्या फळ्यावर तुझी टेकडी काढायला बसलो. ती पुरणपोळीसारखी झाली. भूगोल माझा विषय नव्हे.

या खेपेस पत्र कडांवर फाटले नाही. प्रत्येक ओळ शाबूत आहे. म्हणून मला पहिल्यांदाच निश्चित कळले की बोटीची तारीख त्यात नाही.

एक कबुली द्यायची आहे. वहिनींना पत्र वाचून दाखवताना मी खोलीचा परिच्छेद गाळला. उभ्या जन्मात मी कुणाच्या मजकुराला हात लावला नव्हता. फळ्यावरून थेट ब्लॅकबेरीवर आलो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर माडीवर खिडकीजवळ तुझी गादी ऊन दाखवून घातलेली, चादर ताणलेली, उशाशी पाण्याचा तांब्या. मी पाहत राहिलो तेव्हा ती म्हणाली की भावोजी, टाकलेली पथारी कोणी उचलत नाही असे तुम्हीच सांगता ना. तेव्हापासून ती तशीच आहे. रोज झटकते, पुन्हा घालते.

मग मी उरलेला परिच्छेद वाचला. तिने ऐकला आणि म्हणाली की खोलीला खिडकी आहे हे बरे झाले.

आता शास्त्रार्थ संपला. जे केलेस त्याचा मला अभिमान आहे, आणि शाळेवरची खोली तू मिळवलीस ती माझ्याच नियमाने मिळवलीस, हेही मला उमगते. राहावेसे वाटले तर राहा. हेडमास्तरांना मी समजावीन, वहिनींचा राग माझ्यावर घेईन, त्याची सवय आहे. फक्त काय ते स्पष्ट लिही, पत्राच्या मध्यावर लिही.

पत्राच्या शेवटी ‘कळावे’ लिहितात. तर कळावे ते एवढेच, की तुला झोपायला कुठे जागा मिळेल याची काळजी मी कधीच सोडली आहे. तू परत येणार नाहीस, अशी मला भीती वाटते.

तुझा,
विष्णुकाका